धबधब्याच्या वरचं पाणी

मोहीम एका पिल्लासाठी होती. नखाएवढं, सहा पायांचं, थंड वाहत्या पाण्यात दगडाच्या पोटाशी चिकटून राहणारं पिल्लू! त्याची आई म्हणजे दगडमाशी. पंख फुटले की थोडे दिवस उडायचं, अंडी घालायची आणि संपायचं. बाकी सगळं आयुष्य जातं ते बाळपणातच, पाण्याखाली. अशा एका पिल्लाची कात मॅडमना फार वर्षांपूर्वी धबधब्याच्या पायथ्याशी एका खडकाला अडकलेली सापडली होती. मानेखाली झालरीसारखे कल्ले! तसली झालर कुठल्याच पुस्तकात नव्हती. कात वरून वाहत आली होती, म्हणजे तिचा धनी वर होता. आणि धबधब्याच्या वर जाऊन पाण्यात हात घातलेला माणूस कुणाच्या ऐकिवात नव्हता.

मॅडमचे गुडघे आता घरच्या जिन्यालाही नाही म्हणायचे. वर्षअखेर त्या निवृत्त होणार होत्या. म्हणून जायचं होतं त्यांच्या विद्यार्थिनीला, भिंगरीला.

भिंगरी हे तिचं प्रयोगशाळेतलं नाव, एका जागी ठरत नाही म्हणून मॅडमनीच ठेवलेलं. पाण्यातल्या किड्यांवर नुकतीच डॉक्टरेट झालेली, नोकरी अजून कच्ची, आणि घरी बोबडं बोलणारी लेक. “झालरवालं जिवंत मिळालं की तुमची जागा पक्की,” असं विभागप्रमुख हसत म्हणाले होते. ते हसत होते, पण थट्टा करत नव्हते.

बरोबर दोघंच. एक कप्तान. डोंगरात अडकलेल्यांना सोडवण्यात ज्याचे केस पिकले, असा दोरांचा माणूस. दिवसभरात मोजकं बोलायचा आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. दुसरा तिचा धाकटा दीर, फोटोग्राफर. कॅमेरा आणि तोंड, दोन्ही सतत चालू.

आणि एक लाल पिशवी.

त्या पिशवीचं कारण असं, की धबधब्याखालची नदी नासली होती. कुठल्याशा परक्या मुलखातून एक गोगलगाय आली होती, तिळाएवढी. तिला नर लागत नाही. एकटी मादी पुरते. तीच पिल्लं घालते, त्या पिल्लांना पिल्लं होतात, आणि बघता बघता तळाचा दगडन् दगड त्यांनी झाकून जातो. बाकीचे किडे उपाशी मरतात. शहरातल्या कालव्यापासून ती चढत चढत धबधब्याच्या डोहापर्यंत पोचली होती. तिथे अडली. कडा तिला चढता येईना. पण ओल्या बुटात, किडे धरायच्या ओल्या जाळीच्या शिवणीत ती शंखाचं दार लावून दिवसेंदिवस जिवंत राहते. माणसाच्या पाठीवर बसून ती कुठेही जाते.

म्हणून मॅडमचा नियम होता. सामान दोन जोड. खालचे बूट, खालची जाळी खालीच राहणार. वरचे बूट, वरची जाळी घरीच उकळत्या पाण्यातून काढायची, खडखडीत सुकवायची आणि लाल पिशवीत घालून तोंड बांधायचं. ते तोंड सोडायचं धबधब्याच्या माथ्यावरच, कोरड्या जागी.

पिशवी भरायचं काम भिंगरीचं होतं.

निघायच्या सकाळी, रानाच्या कडेला असलेल्या चौकीत मॅडम दाराला टेकून उभ्या होत्या. हातात काठी, अंगावर जुना स्वेटर. त्या इथेच थांबणार होत्या.

“भिंगरे, सगळं उकळून सुकवलंयस ना गं?”

“हो, मॅडम.”

“बघ हं. माझ्या काळजीला औषध नाही.”

“सुकवलंय हो!”

ते खरं नव्हतं.

तिघांचे बूट तिने उकळले होते, सुकवलेही होते. पण आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना कालव्यावर न्यायचं होतं, दुसरी जाळी ऐन वेळी फाटलेली निघाली, आणि तिने लाल पिशवीतली जाळी काढली. एवढ्यापुरतीच! परत आली तेव्हा सासूबाईंचा फोन वाजत होता. लेकीचं अंग तापलं होतं. भिंगरीने जाळी नळाच्या कोमट पाण्याखाली धरली, दोनदा झटकली आणि ओलीच बुटांवर कोंबून पिशवी बांधून टाकली. रात्रभर ती लेकीच्या कपाळावर हात ठेवून बसली. पहाटे ताप उतरला, पोर हसली, आणि आईला जाळीची आठवण राहिली नाही. ती आली थेट मॅडमच्या त्या प्रश्नासरशी. आणि तोंडातून ‘हो’ निघून गेलं! धुतली तर आहे, असं तिने मनाला सांगितलं. मनाने मान डोलावली नाही.

लाल पिशवी तिने स्वतःच्याच पाठीवर घेतली.

रान सुरुवातीला मऊ होतं. पायाखाली पाचोळ्याची गादी, झाडांच्या बुंध्यांवर हिरवं शेवाळ, मधूनच उन्हाचे कवडसे, आणि कुठूनतरी सतत ऐकू येणारं पाणी. वाट संपली तशी नदी सुरू झाली. दोर बांधून, कमरेएवढ्या पाण्यातून ते एकामागून एक पलीकडे गेले. पाणी असं काही ओढत होतं, की मांडीला बांधलेली कुणी दोरीच खेचतंय! फोटोग्राफरचा पाय सटकला. तो बुडाला, वर आला, कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर.

“जीव गेला तरी चालेल, पण ह्याचे हप्ते फिटायचेत!” तो ओरडला.

“आधी बाहेर या, भावोजी! मग हप्त्यांचं बघू.”

“वहिनी, घरी सांगू नका. आईला वाटतंय मी फुलांचे फोटो काढायला आलोय.”

कप्तानसुद्धा हसला. भिंगरीही हसली, आणि हसता हसता तिचा हात मागे जाऊन पिशवीच्या बुडाला लागला. बाहेरून कोरडी होती. आतून? चोराच्या मनात चांदणं!

पुढे दलदल लागली. गुडघाभर काळा चिखल, त्यावर बाणासारखं उभं गवत. प्रत्येक पाऊल टाकायला एक जोर, उपसायला दोन. चिलटांचे ढग नाकातोंडात शिरत होते. फोटोग्राफरने विचारलं, “हे तुमचेच ना, वहिनी? तुमच्या ओळखीतले?” तर ती बोलून गेली, “हो, माहेरचे.” एरवी ती अजून काही बोलली असती. तिचं चिलटांकडेही लक्ष नव्हतं. बसायला जागा मिळाली की सांगून टाकू, असं ती ठरवत होती. जागा मिळाली. कप्तानने पाण्याची बाटली पुढे केली, म्हणाला, “डॉक्टरबाई, पिशवी जड होत असेल तर द्या इकडे.”

“नाही, नको. माझ्याकडेच असू दे.”

“जबाबदारीचं माणूस आहात,” कप्तान म्हणाला.

आता काय सांगणार?

संध्याकाळी धबधबा समोर आला. आभाळातून उलगडत आल्यासारखी पांढरीशुभ्र धार, तिच्या दोन्ही अंगांना काळा ताशीव कडा, खाली हिरवागार डोह. तुषारांनी हवाच ओली झाली होती. डोहाच्या काठचा एक दगड भिंगरीने उलटला. खालची बाजू मोहरी सांडल्यासारखी गोगलगायींनी भरलेली! तिने दगड परत ठेवला. इथपर्यंत त्या आल्याच होत्या. इथून वर एकही नव्हती.

कप्तानने स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत फरफरू लागली, पातेल्यात पाणी खळखळलं. उकळतं पाणी! हातभर अंतरावर! पिशवी सोडायची, जाळी आणि बूट पातेल्यात एकेक करून बुडवायचे, झालं. पण पिशवी इथे सोडायची म्हणजे का ते सांगावं लागणार. ‘जबाबदारीचं माणूस’ म्हणालेल्याला सांगावं लागणार. भिंगरीने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि जिभेवर आलेलं चहाबरोबर गिळलं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठू, गुपचूप उकळून टाकू, असं तिने ठरवलं. कुणाला कळायचंही नाही.

पहाटे ती उठली, तर कप्तान स्टोव्ह बोचक्यात भरून दोर सोडवत बसला होता!

“उठलात? छान. ढग भरून येतायत. आत्ताच चढायला हवं.”

कडा धबधब्याच्या उजव्या अंगाने चढायचा होता. चढायचे बूट डोहाच्या पाण्यात भिजले होते, दोरही भिजला होता. ते सगळं माथ्यावरच्या कोरड्या खडकावर काढून ठेवायचं, असं ठरलेलं. कप्तान पुढे. मेख ठोकायची, दोर अडकवायचा, वर सरकायचं. मागून भिंगरी. सगळ्यांत शेवटी फोटोग्राफर. जेवण, स्टोव्ह आणि तंबूचं बोचकं मागून दोराने ओढून घ्यायचं. बोटं बधिर झाली. गाल खडकाला घासत होता. कानात एकच गडगडाट. माथा हाताशी आला.

आणि वरून दगड सुटला!

“खाली वाका!” कप्तान गरजला. नारळाएवढा दगड त्याच्या खांद्यावर आदळून पुढे गेला. कप्तान हेलकावला. दोर ताणला. भिंगरी खडकाला पालीसारखी चिकटली. तिच्या डोळ्यांदेखत तोच दगड खाली लटकणाऱ्या बोचक्यावर बसला, दोरी तुटली, आणि बोचकं गिरक्या घेत, घेत, हिरव्या डोहात गेलं. आवाजसुद्धा आला नाही.

“कप्तान!”

“जिवंत आहे!” वरून आवाज आला. जरा वेळाने, “चढा!”

तो एका हाताने चढला. भिंगरीने त्याची टाच आपल्या खांद्यावर घेतली, फोटोग्राफरने तिचे पाय रेटले, आणि एकमेकांना ढकलत, ओढत, शिव्या देत तिघं माथ्यावर येऊन पडले.

वर एक सपाट, कोरडा कट्टा होता. त्याच्या पलीकडे पाणी.

भिंगरीने आजवर नद्या पाहिल्या होत्या, झरे पाहिले होते. असं पाणी पाहिलं नव्हतं. दोन उंच भिंतींमधल्या चिरेतून ते येत होतं, कट्ट्यासमोर एका लांबट कुंडात विसावत होतं आणि मग माथ्यावरून खाली झेप घेत होतं. इतकं नितळ, की कुंड भरलेलं आहे की रिकामं, हे वाऱ्याने सुरकुती उठली तरच कळावं. तळाचे दगड करडे, तांबूस, मधूनच एखादा हिरवट. धुऊन पुसून मांडल्यासारखे. चिरेतून आत जायला दुसरी वाट नव्हती. पाण्यातूनच चालत जायचं. आणि तिथेच, त्या पहिल्या वळणाच्या सावलीत, दगडांच्या पोटाशी झालरीची पिल्लं असणार होती.

फोटोग्राफरने कप्तानचा खांदा आपल्या शर्टाने बांधला. कप्तानचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी तो म्हणाला, “डॉक्टरबाई, आमचं राहू द्या. तुम्ही तुमचं काम उरका. पाऊस येण्याआधी.”

भिंगरीने लाल पिशवीचं तोंड सोडलं.

वास आला. कालव्याचा. कोंदट, गढूळ, ओळखीचा वास.

जाळी ओली होती. तिच्याखालचे तिघांचे बूट, जे तिने स्वतः खडखडीत सुकवले होते, तेही दमट, चिकट झाले होते. तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि जाळीची शिवण बोटांनी उलगडत नेली. नसेल. एकही नसेल. देवा, एकही नसू दे!

शिवणीच्या दुमडीत एक तीळ होता. तिच्या बोटाची ऊब लागताच तिळाचं दार उघडलं आणि आतून एक इवलंसं, मऊ, जिवंत अंग बाहेर आलं.

भिंगरीने भिंग खाली ठेवलं. मग दोघांकडे न बघता, एका दमात, तिने सांगून टाकलं. कालवा, फाटलेली जाळी, ओली पिशवी, आणि ‘हो’.

आधी फोटोग्राफर बोलला. “एकच आहे ना? मग टाका चिरडून! जाळी झटका आणि चला. वहिनी, आपण काय काय सोसून आलोय! कुणाला कळणारेय?”

“एक दिसली, भावोजी. न दिसलेल्या किती, ते मला सांगता येत नाही. आणि एक पुरते.”

“मग उन्हात सुकवू.”

तिघांनीही वर पाहिलं. ऊन नव्हतं.

“मग अनवाणी जाते,” भिंगरी म्हणाली. “हातपाय पुसून. जाळी नको, काही नको. हाताने दगड उलटीन.”

“त्या चिरेतली ओढ पाहिलीत?” कप्तान म्हणाला. “दोर बांधल्याशिवाय सोडणार नाही. दोर डोहात भिजलेला. आणि धरायला माझ्याकडे हात एकच.” मग आवाज न चढवता म्हणाला, “काल रात्री स्टोव्ह माझ्या उशाशी होता, डॉक्टरबाई.”

“हो.”

“पातेलंही होतं.”

“हो, कप्तान.”

“नुसतं म्हणायचं होतंत. मी पाणी ठेवलं असतं.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.  धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं भिंगरीला झालं. पण इथे धरणी म्हणजे काळा कातळ, तो कुणाला पोटात घेत नाही. समोर चार हातांवर ते पाणी होतं. तिच्या जागेचं, मॅडमच्या उभ्या आयुष्याचं पाणी. बूट चढवायचे आणि दोन पावलं टाकायची, इतकंच बाकी होतं.

“परत फिरायचं,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. पण परत फिरायचं.”

कुणी वाद घातला नाही. तेच जास्त लागलं.

तिने जाळी पिशवीत कोंबली, घट्ट गाठ मारली. एवढ्यात वारा सुटला. चिरेतून तो तोफेसारखा आला, पाठोपाठ पावसाचा सपकारा. कट्टा क्षणात निसरडा झाला. फोटोग्राफर कप्तानला सावरायला धावला, त्याचा पाय लागला, आणि पिशवी घसरली!

कुंडाच्या दिशेने!

“पिशवी!”

भिंगरीने स्वतःला पोटावर झोकून दिलं. कोपरं सोलली. पिशवी पुढे, ती मागे. पिशवीचं बूड कट्ट्याच्या कडेवरून पलीकडे गेलं. तिने हात फेकला. बोटांत पट्टा आला! पण आता तीही घसरत होती. डोकं कडेबाहेर. खाली ते नितळ पाणी, वीतभर अंतरावर. पिशवी हिंदकळत होती, पाण्याला टेकू टेकू करत होती. भिंगरीने हात वर उचलला. खांदा निखळतोय असं वाटलं. तिने श्वास रोखून धरला, जणू श्वासही त्या पाण्याला लागायला नको होता.

“भावोजी!”

“धरलंय! धरलंय!” तिच्या घोट्यांना मिठी बसली. “सोडा ती पिशवी, वहिनी! दोन्ही हातांनी खडक धरा!”

“नाही!”

“अहो, बुडाल!”

“नाही म्हटलं ना! ओढा!”

त्याने ओढलं. खांदा बांधलेल्या कप्ताननेही बऱ्या हाताने तिच्या कमरेचा पट्टा पकडला. इंच, दोन इंच. पोट घासलं, हनुवटी फुटली, पण पिशवी उचललेलीच राहिली. कट्ट्यावर आली तेव्हा ती तिने छातीशी धरली, लेकीला धरावं तशी, आणि मग लगेच दूर ठेवली. त्या पिशवीला तसं धरायची तिची लायकी नव्हती, असं तिला वाटलं.

“टेकली?” तिने विचारलं.

फोटोग्राफरने वाकून पिशवीचं बूड पाहिलं, मग कुंडाकडे पाहिलं. “नाही टेकली.”

पिशवी उचलायला वाकताना तिने शेवटचं एकदा चिरेकडे पाहिलं. पलीकडच्या ओल्या दगडाच्या सावलीत काहीतरी बारीक, काळसर, सरळ रेघेत बसलं होतं. की नव्हतं. पावसाचा पडदा आला आणि दगडही दिसेनासा झाला.

उतरणं चढण्याहून अवघड गेलं. आधी पिशवी दोराने खाली सोडली, मग कप्तानला. धबधबा फुगत चालला होता, त्याची गर्जना वाढत होती, आणि भिंगरी ओल्या दोरावरून हातांची सालटं काढत उतरत होती. उरलेलं खाणं म्हणजे फोटोग्राफरच्या खिशातली बिस्किटं. दलदल कप्तानला दोन्ही बाजूंनी धरून ओलांडली. नदीवर पाणी छातीला लागलं. ती मध्ये आणि तिच्या दोन्ही हातांना दोघं. कुणी कुणाला वाचवलं, हे काठावर पोचल्यावर कुणालाच सांगता आलं नसतं.

चौकी दिसू लागली तसा फोटोग्राफर हळूच म्हणाला, “मॅडमना खांद्याचं सांगू. दगड पडला, स्टोव्ह गेला, पाऊस आला. खोटं आहे का काही? सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ द्या ना, वहिनी.”

कप्तान म्हणाला, “मी खोटं बोलणार नाही. पण न विचारलेलं सांगणारही नाही. ते तुमचं तुम्ही बघा.”

मॅडम दारातच होत्या. कप्तानचा बांधलेला हात, भिंगरीची फुटलेली हनुवटी बघून त्यांच्या हातातली काठी पडली.

“मेलं ते पिल्लू! माणसं परत आली ना!” त्यांनी घोंगडी आणली, टॉवेल आणले, चूल सारखी केली. फोटोग्राफरने घडाघडा सांगितलं: कडा, दगड, बोचकं, वादळ. एकही शब्द खोटा नव्हता. मॅडम ऐकत होत्या आणि भिंगरीचे ओले केस पुसत होत्या.

“शहाणी गं माझी भिंगरी,” त्या म्हणाल्या. “तिथपर्यंत जाऊन मागे फिरायला छाती लागते. मी असते तर हट्ट केला असता. जीव महत्त्वाचा, हे मला या वयातही कळलं नसतं बघ.”

त्यांचा हात केसांवरून फिरत राहिला. असला मऊ हात. भिंगरीला वाटलं, हा हात असाच फिरत राहिला तर ती आयुष्यभर त्याच्याखाली मान खाली घालून बसेल. आणि पुन्हा कधीही त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही.

“मॅडम, आम्ही खांद्यामुळे फिरलो नाही.”

हात थांबला.

“लाल पिशवीत ओली जाळी होती. मी कालव्यात वापरली होती. माथ्यावर उघडली तेव्हा शिवणीत जिवंत गोगलगाय मिळाली.”

चुलीत लाकूड तडतडलं. फोटोग्राफर बुटाची नाडी सोडवत बसला. ती केव्हाच सुटली होती.

“तुला कधी कळलं?” मॅडमनी विचारलं. “माथ्यावर?”

इथे एक शेवटची फट होती. ‘हो’ म्हटलं की विसरभोळेपणा. तेवढ्यावर भागलं असतं.

“नाही. इथे तुम्ही विचारलंत तेव्हाच माहीत होतं.”

मॅडमनी हात काढून घेतला. टॉवेलची घडी घातली, ती मोडली, परत घातली. मग काठी शोधली आणि लंगडत खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्या. बाहेर रानावर पाऊस कोसळत होता. कप्तान डोळे मिटून पडला होता, पण झोपला नव्हता.

“रागवा तरी, मॅडम.”

“राग येतोय. येऊ दे नीट.” त्यांनी खिडकीच्या काचेवरची वाफ पुसली. “वरच्या पाण्याला शिवलीस?”

“नाही.”

“पिशवी?”

“टेकली नाही. भावोजींनी पाहिलंय.”

“टेकली नाही, मॅडम,” फोटोग्राफर पटकन म्हणाला. “त्यासाठी वहिनी जीव टाकायला निघाल्या होत्या. म्हणजे... पाहिलंय मी.”

मॅडम वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता, आणि त्यात माफी नव्हती. त्या येऊन भिंगरीच्या समोर बसल्या, शेजारी नाही. दोन्ही हात काठीवर ठेवले.

“मी आता तिथे जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “या जन्मात तरी नाही. सांग. कसं आहे ते पाणी? एकही गोष्ट पदरची लावून सांगायची नाही.”

भिंगरीने सांगायला सुरुवात केली. चीर कशी आहे, कुंड केवढं, तळाचे दगड कुठल्या रंगाचे. वारा आला की पाण्यावर सुरकुती कशी उठते, आणि वारा पडला की पाणी आहे हेच कसं विसरायला होतं. मॅडमनी डोळे मिटले होते. मध्येच त्या विचारत, “शेवाळ?” ती म्हणे, “अगदी थोडं, तेही कडेला.” “तळाशी गाळ?” “दिसला नाही.” “दगडांखाली?” “पाहता आलं नाही, मॅडम.” पलीकडच्या दगडावर काहीतरी काळसर होतं, तेही तिने सांगितलं, आणि ते काय होतं ते आपल्याला माहीत नाही, हेही सांगितलं. मॅडमच्या पापण्या हलल्या, पण डोळे उघडले नाहीत.

“मग चिरेत पहिलं वळण आहे,” भिंगरी म्हणाली. “तिथे सावली आहे. पाणी तिथे जरा हिरवं दिसतं.”

“हं. आणि पुढे?”

“पुढे मी गेले नाही.”

मॅडमनी मान डोलावली, आणि डोळे मिटूनच त्या तिथेच बसून राहिल्या.